टिपूची पाठ सांभाळा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मावशीकडचा टिपू आता कायमचा रत्नागिरीला तुमच्याकडे राहणार, हे ऐकून फार बरं वाटलं. घराला जाग राहील. पण त्याच्यासारखा डॅशहंड जातीचा कुत्रा सांभाळणं आपल्या गावठी कुत्र्यांसारखं नसतं, म्हणून हे फोनवर न सांगता लिहून पाठवते आहे. दोघांनीही वाचा.

सगळ्यात आधी त्याची पाठ. जर्मनीत बॅजर नावाच्या प्राण्यामागे बिळात शिरता यावं म्हणून ही जात तयार झाली. त्यासाठी हवे होते ते आखूड पाय ज्या जनुकीय बदलातून आले, त्याच्याच जोडीच्या बदलामुळे त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या लवकर बिघडतात. इतर कुत्र्यांत या गादीच्या आतला भाग म्हातारपणापर्यंत मऊ राहतो. डॅशहंडमध्ये तो पहिल्या-दुसऱ्या वर्षातच सुकून कडक व्हायला लागतो, शहाळ्यातल्या मलईचं खोबरं व्हावं तसा. मग एखाद्या साध्या उडीत गादीचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला चुरा वर मज्जारज्जूवर आदळतो. साधारण पाचातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो आणि ४ ते ७ हे वय सगळ्यात जोखमीचं. टिपू ५ वर्षांचा आहे.

म्हणून उड्या बंद. सोफा, पलंग, झोपाळा, पडवीच्या पायऱ्या, सगळंच. त्यातही चढण्यापेक्षा उतरणं वाईट, कारण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर आणि पाठीवर येतो. बाबा, सुताराकडून दोन उतार करून घ्यायचे आहेत. हिशेब सोपा आहे, उंचीच्या तिप्पट लांबी. जोतं २ फुटांचं असेल तर फळी ६ फुटांची. सोफा दीड फुटाचा, त्याला साडेचार फूट पुरे. रुंदी १५ इंच. बाहेरचा उतार पावसात भिजणार, तेव्हा तिथे पाण्यात न फुगणारं १८ मिमी प्लायवूड घ्या. वर काथ्याची चटई घट्ट ठोका. नुसत्या गुळगुळीत फळीवर तो एकदा घसरला की पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि मग उडीच मारेल. पहिले काही दिवस पट्टा लावून, पुढे खाऊ धरून, हळूहळू चढवा-उतरवा.

घरातल्या टाइल्सही त्याच्या शत्रू. तो जिथून धावतो, म्हणजे दार ते स्वयंपाकघर, तिथे रबराच्या मॅट अंथरा. नखं दर तीन आठवड्यांनी कापा. चालताना टकटक आवाज आला म्हणजे ती वाढली आहेत.

उचलायची रीत: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून लहान बाळासारखं उभं कधीच उचलू नका, मागचा भाग लोंबकळतो आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. शेजारची मुलं येतील त्यांनाही हे सांगा. आई, तू मात्र वाकून उचलूच नकोस. स्टुलावर बस, त्याला मांडीवर घे. तुझ्या गुडघ्यांचीही काळजी आहे मला.

आता खाणं, आणि इथे आईला वाईट वाटणार. मावशीने सांगितलं की त्याचं वजन साडेनऊ किलो आहे. त्याच्या बांध्याला साडेआठ योग्य. बाबांनी त्याला घेऊन काट्यावर उभं राहावं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. दर रविवारी. आठवड्याला १०० ग्रॅम कमी होणं पुरेसं आहे, त्याहून घाई नको. दिवसाला साधारण ३५० कॅलरी, म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्याचे ९५ ते १०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ निम्मे निम्मे. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. तेल लावलेली एक पोळी म्हणजे त्याच्या दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तो बघत बसला की मन मोडवत नाही, ठाऊक आहे. तेव्हा काकडीचा किंवा उकडलेल्या फरसबीचा तुकडा द्या. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या न दाबता लागायला हव्यात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट अजिबात नाही, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाही.

पट्टा गळ्यात अडकवू नका, छातीवर इंग्रजी वाय आकाराचा हार्नेस घ्या आणि पट्टा त्यालाच लावा. रोज दोनदा २०-२५ मिनिटं सपाट रस्त्यावर चालवा. पाठीचे स्नायू मजबूत असलेलं बरंच.

आता जे लक्षात राहायलाच हवं ते. पाठ कमानीसारखी वर, पोट दगडासारखं ताठ, अंगाला थरथर, उचलताना ओरडणं, मान खाली घालून चालणं, रोज चढतो तो उतारही टाळणं, ही गादीच्या दुखण्याची चिन्हं आहेत. पोटदुखी समजून ओवा-हिंग देत बसू नका. मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा: निरोगी कुत्रं तो ताबडतोब सरळ करतं. त्याने तसाच ठेवला किंवा चालताना मागचे पाय लटपटले, तर त्याच दिवशी डॉक्टर. मागचे पाय उचलतच नसतील, किंवा १२ तासांत लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी निघायचं. पायाची खोल वेदना जाणवते आहे तोवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेल्यावर शक्यता निम्म्याच्या आसपास येते आणि उशिराने आणखी घटते. अशी शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातच होण्याची शक्यता जास्त, म्हणजे प्रवासातच सात-आठ तास जाणार. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. त्याला फळीवर आडवं ठेवून टॉवेलने अलगद बांधा आणि तसंच गाडीत न्या. कोणत्या दवाखान्यात मणक्याची शस्त्रक्रिया करतात ते मी आत्ताच विचारून ठेवते आणि नंबर पाठवते.

दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर पिंजऱ्यात विश्रांती सांगतील. किमान ४ आठवडे. साधारण ३ फूट बाय २ फूट पिंजरा, फक्त शी-शूसाठी उचलून बाहेर, पट्ट्यावरच. इथेच लोक चुकतात. वेदनाशामकाने तिसऱ्या दिवशी तो टुणटुणीत दिसतो, दया येऊन दार उघडलं जातं, आणि अर्धवट भरलेलं कडं पूर्ण फाटतं. त्याने कितीही रडून दाखवलं तरी दार उघडू नका. तेलाने पाठ चोळू नका. आपल्या औषधांच्या डब्यातलं काही देऊ नका: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला घातक ठरतात. आणि एका डॉक्टरांचं स्टेरॉइड चालू असताना दुसऱ्यांचं वेदनाशामक सुरू झालं तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कुठल्याही डॉक्टरांना आधीच्या गोळ्यांची पाकिटं दाखवा.

बाकीचं थोडक्यात. त्याचं पोट जमिनीलगत असतं, तेव्हा पावसाळ्यात फिरून आलं की पोट, पंजे आणि कानांची आतली बाजू कोरडी करा. कानात काडी घालू नका. गोचिडांचं औषध वर्षभर चालू ठेवा, कारण गोचीडताप उन्हाळ्यापुरता नसतो. घूस दिसली की तो बिळात तोंड घालणारच, म्हणून रेबीजबरोबर लेप्टोची लसही दरवर्षी हवी. घुशीच्या लघवीतून तो रोग माणसांनाही होतो. गडग्याच्या भोकांजवळ मोकळं सोडू नका, फुरसं-घोणस तिथेच असतात. साप चावलाच तर कापू नका, बांधू नका, त्याला चालू न देता उचलून तडक दवाखाना गाठा. आणि पलंगावर बसण्याआधी गोधडी चाचपा, तो पांघरुणाखाली खोल शिरून झोपतो.

बाबा, जोत्याची उंची टेपने मोजून मला कळवा. सुताराशी मीच बोलते, पैसेही इथूनच देते. तोवर पायऱ्यांच्या तोंडाशी पाट आडवा लावून ठेवा.

तुमची,
मुग्धा