मुलाच्या पेल्यात दुधाऐवजी काय? आधी डब्याची मागची बाजू वाचा

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

दूध प्यायल्यावर लहान मुलाला त्रास होतो हे लक्षात आले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘मग आता बदामाचे द्यायचे की ओटचे?’ त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. मुलाला दुधातले नेमके काय सोसत नाही आणि मुलाचे वय किती. त्या कळण्याआधीच एखादे पांढरे पेय घरात येते आणि दुधाची जागा घेते. पुढे काय होऊ शकते याची एक नोंद २००१ साली अमेरिकेतल्या ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. २२ महिन्यांच्या एका मुलाला इसब होते, दूध सोसत नाही असा घरच्यांचा समज होता, म्हणून अंगावरचे दूध सुटल्यावर त्याला तांदळाचे पेय सुरू केले गेले. रोज सुमारे दीड लिटर. इतर खाणे जेमतेम. उष्मांक गरजेच्या ७२ टक्के मिळत होते, प्रथिने मात्र फक्त २५ टक्के. मूल क्वाशिओरकर, म्हणजे प्रथिनांच्या तीव्र कमतरतेचा आजार होऊन रुग्णालयात आले. त्याच लेखातल्या दुसऱ्या, १७ महिन्यांच्या बाळाला मुडदूस झाला होता. त्याला दिलेल्या सोया पेयात कॅल्शियमही घातलेले नव्हते आणि ड जीवनसत्त्वही. दोन्ही घरांनी काळजीपोटीच दूध बदलले होते.

‘दूध सोसत नाही’ या तीन शब्दांत दोन वेगळे आजार दडलेले असतात. एक म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, न पचणे. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तराच्या टोकाशी असते. जुलाबाच्या आजारात ते अस्तर खरवडल्यासारखे होते आणि काही दिवस लॅक्टोज पचत नाही. पोट फुगते, गॅस होतो, शी आंबट वासाची आणि पाण्यासारखी होते, ढुंगणाची कातडी लाल होते. अस्तर भरून आले की बहुतेक मुलांचा हा त्रास २ ते ४ आठवड्यांत आपोआप थांबतो. जन्मजात लॅक्टेज नसणे फार दुर्मीळ आहे, आणि मोठ्या माणसांत दिसणारी कायमची तक्रार सहसा ५ वर्षांच्या आत सुरू होत नाही. अशा मुलाला वनस्पतीजन्य पेयाची गरजच नसते. लॅक्टोजमुक्त गाईच्या दुधात प्रथिने, स्निग्धांश आणि कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकेच असते. दही आणि मुरवलेले कडक चीजही बहुतेकांना चालते.

दुसरा आजार म्हणजे दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. त्यात साखरेचा काही संबंध नसतो, म्हणून लॅक्टोजमुक्त दूध या मुलांसाठी नेहमीच्या दुधाइतकेच घातक. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि सगळ्यात महाग पडतो. ॲलर्जीचेही दोन प्रकार आहेत. तात्काळ प्रकारात काही मिनिटांपासून २ तासांच्या आत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते. घरघर, आवाज बसणे, मूल एकदम मलूल होणे ही लक्षणे दिसली तर क्षणही न दवडता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. उशिरा होणाऱ्या प्रकारात त्रास काही तासांनी किंवा २-३ दिवसांनी दिसतो: शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, न हटणारे इसब, सततच्या उलट्या, वजन न वाढणे.

निदान घरी ठरवू नये. त्वचेवरची किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचणी तात्काळ प्रकारात उपयोगी पडते, पण ती नुसती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असे होत नाही. खाल्ल्यावर लक्षणे येतात का, हे त्याच्या जोडीला लागतेच. बाजारात मिळणाऱ्या आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडाच्या चाचण्यांवरून मुलाचे एकही अन्न बंद करू नये. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे ते अन्न मुलाने खाल्लेले आहे, इतकाच त्याचा अर्थ. उशिराच्या सौम्य प्रकारात डॉक्टर २ ते ४ आठवडे दूध पूर्ण बंद करायला सांगतात आणि नंतर पुन्हा थोडे देऊन पाहतात. हा दुसरा टप्पा बहुतेक घरांत गाळला जातो. त्रास थांबला, मग पुन्हा कशाला छेडायचे, असे वाटते. पण अर्भकांच्या पुष्कळ तक्रारी वयाबरोबर आपोआप कमी होतात. पुन्हा देऊन पाहिले नाही तर गरज नसताना मूल वर्षानुवर्षे दुधाविना राहते. ज्याला तात्काळ प्रतिक्रिया आली आहे किंवा दुधानंतर वारंवार उलट्या होऊन जे मूल गळून गेले आहे, त्याच्यावर मात्र हा प्रयोग घरी कधीही करू नये.

आता वय. १ वर्षाखालील बाळाला बदाम, ओट, तांदूळ, नारळ किंवा साधे सोया पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये, डब्यावर काहीही लिहिलेले असो. या वयात अंगावरचे दूध किंवा बाळांसाठीचे फॉर्म्युला (आईच्या दुधाला पर्याय म्हणून बनवलेली डब्यातली भुकटी), एवढेच दोन मार्ग आहेत. आई पाजत असेल तर पाजणे थांबवायचे कारण नाही. लक्षणे केवळ अंगावरच्या दुधावर असतानाही दिसत असतील, तर आईच्या आहारातून दुधाचे पदार्थ २ ते ४ आठवडे काढून पाहतात. तेव्हा आईला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळेल अशी सोय करावी. लॅक्टोज न पचणाऱ्या बाळासाठी आईने दूध सोडण्यात काहीच अर्थ नाही. अंगावरच्या दुधात सुमारे ७ टक्के लॅक्टोज असते आणि ते आईचे शरीर स्वतः बनवते, ती दूध पिवो वा न पिवो.

वरच्या दुधावर असलेल्या ॲलर्जीच्या बाळासाठी ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युला असते. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की दहापैकी नऊ ॲलर्जीच्या बाळांना ते चालते. उरलेल्यांना, तसेच तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांना किंवा वाढ खुंटलेल्यांना, डॉक्टर अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांचे, फॉर्म्युला देतात. डब्यावर ‘पार्शियली हायड्रोलाइज्ड’ किंवा ‘एचए’ असेल तर ते ॲलर्जी झालेल्या बाळासाठी नाही; त्यातले तुकडे मोठे असतात आणि शरीर ते ओळखते. सोया फॉर्म्युला ६ महिन्यांच्या आधी सहसा देत नाहीत, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही. हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला चवीला कडवट असते. ३-४ महिन्यांच्या आत बाळ ते बिनतक्रार घेते, मोठे बाळ तोंड फिरवते. शी हिरवट होते, त्याने घाबरू नये. डब्यातल्याच चमच्याने सपाट माप घ्यावे. पुरवून वापरण्यासाठी पातळ केलेले फॉर्म्युला म्हणजे बाळाची उपासमार.

शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून सर्रास सुचवले जाते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो, कारण दोन्हींतली प्रथिने जवळपास सारखी आहेत. मेंढी आणि म्हशीच्या दुधाचेही तेच. शेळीच्या दुधात लॅक्टोजही फारसे कमी नसते, आणि फोलेट फार कमी असते.

वर्ष उलटल्यावर निवड खुली होते, पण डब्याच्या मागचा तक्ता वाचूनच. १०० मिलिलिटरमागे गाईच्या पूर्ण दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने, ६२ उष्मांक आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोया पेयात प्रथिने ३ ते ३.५ ग्रॅम, वाटाण्याच्या पेयात साधारण २ ते ३, ओटच्या पेयात १ ग्रॅमच्या आसपास किंवा कमी, बदामाच्या पेयात ०.४ ते ०.६, तांदूळ आणि नारळाच्या पेयात ०.१ ते ०.३. फरक किती मोठा आहे ते असे पाहा: १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३ ग्रॅम प्रथिने लागतात. ४०० मिलिलिटर गाईच्या दुधातून ती जवळजवळ सगळी मिळतात. तेवढ्याच बदाम पेयातून २ ग्रॅम मिळतात, आणि २५० ऐवजी जेमतेम ६० उष्मांक. पोट मात्र दोन्हींनी सारखेच भरते, आणि भरल्या पोटी मूल जेवणाला बसत नाही.

म्हणून सोया सोसत असेल तर आमची पहिली पसंती कॅल्शियम घातलेल्या, बिनसाखरेच्या सोया पेयाला, त्यानंतर वाटाण्याच्या. ओटचे पेय अशा मुलालाच द्यावे जे अंडी, डाळी, मासे किंवा मांस व्यवस्थित खाते. सोया पेयात स्निग्धांश दुधाच्या निम्म्याच्या आसपास असतो, तेव्हा ४०० मिलिलिटरमागे सुमारे १०० उष्मांक कमी पडतात. दिवसभराच्या जेवणात दोन छोटे चमचे तेल वाढवले की ही तूट बरीचशी भरते. ‘लाइट’ किंवा कमी चरबीचे प्रकार २ वर्षांखाली नकोतच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सल्ल्यानुसार ५ वर्षांखालील मुलांना तांदळाचे पेय दुधाऐवजी देऊ नये. तांदळात येणारे आर्सेनिक लहान वजनाच्या शरीराला जास्त बाधते.

तक्त्यात कॅल्शियम १२० च्या आसपास, ड आणि ब१२ जीवनसत्त्व, आणि आयोडीन शोधावे. आयोडीन बहुतेक पेयांत घातलेलेच नसते. लहान मुलाला ते रोज ९० मायक्रोग्रॅम लागते आणि दूध हा त्याचा मोठा स्रोत असतो, तेव्हा दूध सुटल्यावर ते कुठून मिळणार हे आहारतज्ज्ञाला आवर्जून विचारावे. ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या पेयांत पुष्कळदा कॅल्शियमही नसते. आणि असले तरी ते पेल्यात उतरेलच असे नाही! घातलेले कॅल्शियम बारीक भुकटीच्या रूपात असते आणि तळाशी बसते. न हलवता ओतले तर वरचे पेले पांढऱ्या पाण्याचे आणि सगळे कॅल्शियम खोक्याच्या तळातल्या गाळात. दर वेळी, अगदी दर वेळी, खोका बंद करून १०-१५ सेकंद जोरात हलवावा.

घरी केलेल्या बदाम दुधाचा हिशेबही मांडून पाहावा. १०० ग्रॅम बदामांत साधारण २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ६० ग्रॅम बदाम १ लिटर पाण्यात वाटले आणि चोथा मुळीच काढला नाही, तरी १०० मिलिलिटरला १६ मिलिग्रॅम पडते. गाळले की त्याहूनही कमी. चवीसाठी खुशाल द्यावे, पण दुधाची जागा ते भरत नाही.

साखरेबाबत एक बारकावा आहे. ओटचे पेय करताना विकरांनी पिष्टाची साखर होते, त्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ असे लिहूनही १०० मिलिलिटरला ३-४ ग्रॅम साखर असू शकते. झोपताना बाटलीतून ते देणे दातांना वाईट. एकूण प्रमाणही आवरावे: १ ते ३ वर्षांत दिवसाला ३५० ते ५०० मिलिलिटर पुरे. त्याहून जास्त झाले की जेवण मागे पडते आणि मुलात लोह कमी होते. पेय बदलताना, तात्काळ ॲलर्जीचा इतिहास नसेल तर, पहिल्या दिवशी एक चमचा देऊन पाहावे आणि मग वाढवत न्यावे. सोया पेय कडकडीत गरम आणि आंबट पदार्थात फाटते, म्हणून ते शेवटी, आच कमी करून घालावे.

पूर्ण दूध बंद करायचे तर घटकांच्या यादीत केसीन, केसीनेट, व्हे, दुधाची भुकटी, मिल्क सॉलिड्स, लोणी, तूप हे शब्द शोधावेत. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्येही केसीनेट असू शकते. उलट लॅक्टिक ॲसिड, कॅल्शियम लॅक्टेट आणि कोको बटर यांची नावे घाबरवतात, पण ती दुधाची प्रथिने नव्हेत.

आणि हे सहसा जन्मभराचे नसते. बहुतेक मुलांची दुधाची ॲलर्जी शाळकरी वयापर्यंत जाते. दुधाची ॲलर्जी असलेल्या सुमारे ७० टक्के मुलांना पिठात मिसळून भट्टीत नीट भाजलेले दूध ताज्या दुधाच्या आधीच सोसू लागते, कारण उष्णतेने आणि पिठाच्या बांधणीने प्रथिनांचा आकार बदलतो. दर ६ ते १२ महिन्यांनी डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्यावी आणि दूध पायरीपायरीने परत आणावे. तात्काळ प्रकारात पहिली पायरी दवाखान्यातच. तोवर वजन-उंचीचा आलेख नियमित भरावा. वजनाची रेघ सपाट होऊ लागली, तर पेयाचा डबा आणि मुलाच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद घेऊन आहारतज्ज्ञाकडे जावे.

युरोपीय न्यायालयाने २०१७ साली, काही अपवाद वगळता, निव्वळ वनस्पतीजन्य उत्पादनांना ‘दूध’ या नावाने विकण्यास मनाई केली. नावाने केवढी दिशाभूल होते हे वर दिलेल्या तांदळाच्या पेयावरून दिसतेच. त्यालाही ‘दूध’च म्हटले जात होते. आपल्या आरोग्य आणि पाककृतींच्या पुरवण्यांना एक विनंती आहे. अशा पेयांना ‘बदाम पेय’, ‘ओट पेय’ म्हणावे, आणि कृतीखाली ठळक अक्षरांत एक ओळ छापावी: ‘१ वर्षाखालील बाळाला दुधाऐवजी देऊ नये, मोठ्या मुलाला देण्याआधी प्रथिने आणि कॅल्शियमचे आकडे पाहावेत.’

आपले विश्वासू,
बालआहार क्षेत्रातील काही आहारतज्ज्ञ