रविवारी गाडी धुणाऱ्यांसाठी सूचना

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत बी विंगमागच्या रॅम्पवर गाड्या धुता येतील. त्यानंतर पाणी बंद. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो.

• कोरडं फडकं मारू नका, धुणाऱ्या माणसालाही बजावा. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारी बारीक वर्तुळं ही अशाच घासलेल्या धुळीची. ब्रशवाल्या यंत्रातही हाच धोका, म्हणून महागड्या गाडीला हातानेच धुणं बरं.
• आधी प्रेशरने माती उतरवा. नोझल किमान १ फूट लांब. सेन्सर, कॅमेरा आणि पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडांवर रोखू नका.
• दोन बादल्या आणा: एक शाम्पूची, दुसरी मिट (गाडी घासायचा मऊ हातमोजा) खळबळायला. छतापासून खाली या. चाकांना स्पंज वेगळा. ब्रेकची लोखंडी भुकटी रंगावर गेली तर ओरखडे पक्के.
• पीएच न्यूट्रल (आम्ल नाही, अल्कली नाही असा) कार शाम्पूच वापरा. भांड्यांच्या लिक्विडने वॅक्स उतरतं.
• बोअरचं पाणी जड (क्षारांचं) आहे, डाग राहू नयेत म्हणून मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच टिपा.

मॅट रंगाला पॉलिश अजिबात नको. एकदा चकाकी आली की जात नाही.

शनिवारी रात्री ८ पर्यंत ग्रुपवर फ्लॅट नंबर टाका.