अंगणात ठेवायची पेटी

भोसरी, पुणे
८ मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलंस काय?" विचारते आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून पत्र. आई, चष्मा लावून तूच वाच. बाबांकडून वाचून घेऊ नकोस, ते गाळून वाचतात.

कोकम वाळवायची तिसरी पेटी तयार झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोचेल. आंबा घेऊन इकडे येणारे ट्रक परत जाताना रिकामे असतात, त्यातल्या एकाशी बोललोय.

अशी पेटी करायची, हे माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. मे महिन्यात आभाळ काळं झालं, आई स्वयंपाकघरातून "पावस इलो! सोलां उचला!" ओरडत धावली, की मी दरवर्षी म्हणायचो, "यावर काहीतरी करायला हवं." कोकमाच्या सालींचं, म्हणजे सोलांचं, चार-पाच दिवसांचं वाळवण, रोज आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) बुडवून पुन्हा उन्हात, आणि एका वळवाच्या सरीत सगळ्यावर बुरशी. इंजिनियर झालो तेव्हा कॉम्प्युटरवर सुंदर चित्रं काढली. पंखा, तापमान मोजणारा सेन्सर, मोबाइलवर आकडे. हिशोब केला तर ८५ हजारांवर गेला. मग "पैसे साठले की करू". अशी ११ वर्षं गेली. मित्रांना मात्र मी ते चित्र कितीदा तरी दाखवलं असेल. खरं सांगायचं तर दाखवण्यातच इतकं समाधान मिळायचं की करायची घाई उरलीच नाही.

मे २०२४ मध्ये आई सोलं उचलायला धावताना पडवीच्या पायरीवर घसरली, मनगटाला प्लास्टर. तुम्ही दोघांनी ते मला आठ दिवसांनी कळवलं. त्या रात्री लॅपटॉपवरचं ते चित्र उघडलं आणि मला माझीच लाज वाटली. हे तुम्हाला आजवर बोललो नव्हतो.

त्याच शनिवारी भंगारवाल्याकडून खिडकीची जुनी काच आणली. प्लायवूड, काळा रंग, बिजागऱ्या धरून २,३०० रुपये लागले. पंखा नाही, सेन्सर नाही. खालून हवा आत येणार, काळ्या पत्र्यावर तापणार, वरच्या भोकातून ओल घेऊन बाहेर जाणार, एवढंच. चालवून बघायला ऑक्टोबरचं ऊन उजाडावं लागलं. कोकम कुठलं मिळणार, म्हणून टोमॅटो कापून ठेवले. माशी शिरू नये म्हणून मी भोकं पेन्सिलीएवढी ठेवली होती. दुपारी काचेला आतून घाम फुटला, थेंब टोमॅटोवर टपकायला लागले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यावर पांढरी लव. पेटी गरम होती, पण वाफेला जायला वाट नव्हती. वरची भोकं मुठीएवढी केली, जाळी लावली, तेव्हा कुठे टोमॅटो वाळले. आणि मग इतके तापले की बाहेरून पापडासारखे आणि आतून ओले! साठ अंशांच्या वर गेलं की साल कडक होते आणि आतली ओल कोंडून बसते. हे मला एकाही चित्रात दिसलं नव्हतं.

गेल्या मेमधलं तर तुम्हाला आठवत असेलच. मी मोठ्या ऐटीत पेटी घेऊन आलो, ट्रेला जस्ताची जाळी मारलेली. आईनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "कोकमाक लोखंड चलता काय रे?" मी म्हटलं, लोखंड नाही, त्यावर जस्ताचा लेप आहे. दोन दिवसांनी जाळी काळी पडली, सोलांना करडा रंग चढला. कोकमाचं आम्ल आणि मीठ, दोघांनी मिळून जस्त खाल्लं होतं. आठ किलो सोलं खड्ड्यात पुरली. आई, तू तेव्हा काही बोलली नाहीस. त्याचाच मला जास्त राग आला आणि मी दोन दिवस आधी निघून गेलो. माफ कर. तू लाकडी काठवट आणि चिनीमातीची बरणी का वापरतेस, हे मी ११ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आणि बाबा, तुमचं वाक्य. मी काच १६ अंशांत तिरपी केली होती, कारण आपला अक्षांश १६ आणि पुस्तकात तसंच लिहिलेलं. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "मेमध्ये दुपारी आपल्या विहिरीच्या तळाला ऊन लागतं. तेव्हा सूर्य कुठे असतो?" बरोबर डोक्यावर. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. वर्षभर चालवायच्या पेटीला १६ अंश ठीक, पण कोकमाच्या हंगामाला काच जवळजवळ आडवीच हवी. आता ती जेमतेम पाच अंशांत आहे, पावसाचं पाणी ओघळून जाईल इतपत.

तर तिसरी पेटी अशी आहे: सागवानी चौकट, ट्रेला खाद्यपदार्थांसाठी चालणारी नायलॉनची जाळी, वरच्या धुराड्याला टोपी. सहा ट्रे. पहिलीपेक्षा दिसायला थोडी बरी आहे, एवढंच म्हणेन. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं विचारलं, "ही कसली कोंबड्यांची खुराडी?"

बाबा, तुम्ही १९९८ मध्ये बियांपासून कोकमाची २० रोपं लावलीत, ती आठवतात ना? कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत कळत नाही. सात वर्षांनी कळलं की त्यातले ८ नर. मी मोठा झाल्यावर तुम्हाला शहाणपणा शिकवायचो, की दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची कलमं मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. माझी पेटी कागदावर पडून होती तेवढी सगळी वर्षं आई त्याच १२ झाडांची सोलं वाळवत होती. आता थोडं वेगळं वाटतं.

दोन कामं आहेत. बाबा, अंगणात सकाळी १० ते दुपारी ४ माडाची सावली कुठे कुठे फिरते ते तीन दिवस बघा आणि जिथे ती अजिबात येत नाही तिथे विटेनं खूण करा. जागा तुम्ही ठरवा, मी नाही. आई, पहिल्या घाण्याला तू म्हणशील तितकं मीठ, तू म्हणशील तितकी आगळाची पुटं. सोल झालं की नाही हे तूच बोटानं दाबून सांगायचं. मी फक्त वही घेऊन बाजूला बसणार. दोन दिवस पेटीत आणि दोन दिवस बाहेर, असं तुला योग्य वाटलं तर तसंही करू. बिया टाकू नकोस, त्यांचं मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) काढायचंय. माझ्या टाचा पुण्यात फाटतातच.

विकायचं वगैरे आत्ताच डोक्यात नाही. शेजारचे विचारतात की पोरगा धंदा काढतोय का, तर "घरच्यापुरतं बघतोय" सांगा. घरच्यापुरतं नीट जमलं तर आणखी एक पेटी काकूंच्या अंगणात.

आणि आई, पाऊस आला तर तू जागची उठायचं नाहीस. काच आहे.

तुमचा,
बाळू

ता. क. ट्रकवाल्याला भाडं दिलेलं आहे. बाबा, पुन्हा देऊ नका. चहा मात्र द्या, आणि पेटी उतरवताना काचेची बाजू वर राहील एवढं बघा.