भोसरीच्या कारखान्यातल्या स्टोअरवाल्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, तुमचा मोबाईल नंबर माझ्याकडे नाही. नंबर मिळवायचा पगार घेणाऱ्या मुलीला तुमचाच नंबर मागायचं सुचलं नाही, हे ऐकून तुम्ही हसाल. माझ्याकडे होता तो कंपनीच्या बोर्डाचा नंबर आणि 23 एक्स्टेन्शन. दिवाळीनंतर त्यावर भलत्याच कुणी फोन उचलला. म्हणाले, "ते रिटायर झाले. आपलं काय काम होतं?" काम काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या नंबरवर बिनकामाचा फोन केला होता. म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही माझा फोन पहिल्यांदा उचललात तेव्हा मला नोकरीत तिसरा महिना लागला होता. बाणेरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जणं, त्यातली सहा कोड लिहिणारी. कारखान्यांनी जॉबवर्कला, म्हणजे बाहेर दुसऱ्याकडे काम करून घ्यायला, दिलेल्या मालाचा हिशोब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर. माझं पद सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, ऑफिसच्या भाषेत एसडीआर. स्वतः विकायचं नाही. नंबर शोधायचे, फोन करायचे, मेल टाकायचे, परत फोन करायचे आणि कुणी डेमो बघायला कबूल झालं की त्याला फाउंडरच्या कॅलेंडरवर नेऊन बसवायचं. बार्शीला आई नातेवाइकांना सांगायची, "फोनवर असते." त्यावर मावशी विचारायची, "कॉल सेंटर का गं?" मी खुलासा करणं सोडून दिलं होतं. दिवसाला 60 फोन करणारीने काय खुलासा करायचा!

विकत घेतलेल्या यादीतले निम्मे नंबर मेलेले. उरलेल्यांच्या मोबाईलवर आमचा नंबर ट्रूकॉलरमुळे लालभडक उमटायचा. महिन्याला 12 डेमोंचं टार्गेट, तेही समोरचा माणूस खरोखर हजर राहिला तरच मोजायचे. लोकांना वाटतं आम्हाला 'नाही' ऐकून वाईट वाटतं. 'नाही' परवडतं हो. जीव घेतं ते 'मेल टाका, बघतो'. त्या एका वाक्यापायी मी एकेका माणसामागे सहा-सहा आठवडे धावले आहे.

तुमच्या लँडलाइनवर ट्रूकॉलर नव्हतं, म्हणून तुम्ही सापडलात. मी पाठ केलेलं म्हणायला लागले, "सर, जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटीत तो विकला असं धरतात..." तुम्ही मध्येच थांबवलंत. "बाई, माझा माल चार दिवसांत परत येतो. वर्षाची भीती कुणाला घालतेस?" आणि मग, "कालपण तूच केला होतास ना फोन? वॉचमन सांगत होता. अगं, काल गुरुवार होता. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते."

काका, त्या वाक्याने आमच्या ऑफिसात काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दर गुरुवारी आमच्या ग्राफला खड्डा पडायचा. आमचे फाउंडर बंगळुरूचे. गुरुवारी फोन का लागत नाहीत म्हणून त्यांनी फोन लावायचं सॉफ्टवेअर बदललं होतं, महिन्याच्या भाड्यासकट. मी एवढी वर्षं पुण्यात राहून हे मला ठाऊक नव्हतं, याची लाज वेगळीच.

तुम्ही म्हणालात, "गुरुवारी ये, मी स्टॉक घ्यायला असतो. मालाबरोबर जाणारं चलान कसं असतं ते तरी बघ." मला वाटलं, हाच माझा महिन्यातला पाचवा डेमो. लॅपटॉप चार्ज करून आले. गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'डेमो' लिहिलं.

मशीन शॉप बंद, मशीनवर कापडं टाकलेली, कटिंग ऑइलचा वास तेवढा चालू. तुम्ही लॅपटॉप उघडूच दिला नाहीत. आधी चलानबुक दाखवलंत: मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी गाडीवाल्याची, तिसरी आपली. आणि मग दोन क्रेट ओढलेत. एकात काळ्या, तेलकट पिना, दुसऱ्यात झिंक प्लेटिंग होऊन आलेल्या, चकचकीत. काळ्या 100 पिना काट्यावर टाकल्यात, 400 ग्रॅम. चकचकीत 100 टाकल्यात, 402.

"कळलं?"

मला काही कळलं नव्हतं.

"5,000 पिना कोण मोजत बसणार? वजनावर मोजतात. पाठवल्या 20 किलो. प्लेटिंग चढलं की वजन वाढतं. मग 25 पिना कमी आल्या तरी काटा 20 किलोच दाखवतो. चलान जुळतं, सही होते. महिन्याने असेंब्लीवाला बोंबलत येतो. तुमचं सॉफ्टवेअर हे पकडतं का?"

पकडत नव्हतं. आमचं सॉफ्टवेअरही तुमच्या काट्यासारखंच, एकाच वजनाने दोन्हीकडे भागायचं. मी खरं ते सांगितलं. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, "आमचे मालक हे घेणार नाहीत. टॅली आणि मी, एवढ्यावर त्यांचं भागतं. माझ्यामागे वेळ घालवू नकोस." तीन महिन्यांत मला मिळालेलं ते पहिलं धड 'नाही'. परतताना नाशिक फाट्याला सिग्नलवर स्कूटर थांबवून मी सीआरएममध्ये, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांच्या नोंदवहीत, तुमच्या नावापुढे 'क्लोज्ड लॉस्ट' (विषय संपला, विक्री नाही) केलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

निघताना आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. अकाउंट्सवाल्याला 11 आणि 20 तारखेच्या आसपास फोन करायचा नाही, तो जीएसटीच्या रिटर्नमध्ये बुडालेला असतो. आणि मी "तुमचं नाव सांगून इतरांना फोन केला तर चालेल का?" असं विचारल्यावर, "नाव नको सांगूस. पिनांचं विचार."

शुक्रवारी ऑफिसात मी ते पिनांचं गणित पांढऱ्या बोर्डावर मांडलं. कोड लिहिणाऱ्यांपैकी एकाला आधी पटेना, त्याने सराफाकडचा वाटावा असा एक छोटा काटा मागवला, माझ्या पर्समधल्या पिना तोलल्या आणि गप्प बसला. (हो, मूठभर पिना मी तुम्हाला विचारूनच घेतल्या होत्या. तुम्ही त्याचंही चलान करायची चेष्टा केलीत आणि तेव्हापासून मला 'चलानवाली' म्हणायला लागलात.) दोन आठवड्यांत आधीचं वजन आणि नंतरचं वजन असे दोन रकाने आले. फाउंडर कौतुक करत फिरले, श्रेय मात्र थोडं प्रॉडक्ट टीमकडे वळलं. असो. नऊ माणसांच्या कंपनीत ते फार लपून राहत नाही.

मी स्क्रिप्ट टाकून दिली. "दोन मिनिटं वेळ आहे का सर?" ऐवजी विचारायला लागले, "प्लेटिंगहून आलेला माल तुम्ही वजनावर घेता की नगावर?" लोक फोन ठेवेनात. काही जण चिडायचे, काही जण प्लेटरला शिव्या द्यायला सुरुवात करायचे, आणि शिव्या सुरू झाल्या की डेमो पक्का. त्या महिन्यात 12 झाले नाहीत, 9 झाले. पण नऊही हजर राहिले. त्यातल्या तळवड्याच्या एकांनी पुढे पैसे भरले. आमचं पहिलं गिऱ्हाईक, ज्याला मी फोन केला होता.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी अडलं की मी 23 एक्स्टेन्शन मागायचे. रनिंग लॉस म्हणजे काय, रिजेक्शनचा माल कुणाच्या चलानवर परत जातो, खंडेनवमीला पूजेच्या गडबडीत फोन करावा का. (करू नये.) तुम्हाला यातून काहीही मिळणार नव्हतं, आणि तुम्ही एकदाही 'मेल टाक, बघतो' म्हणाला नाहीत.

त्याबद्दल आभार, काका. काकूंनाही नमस्कार.

तुमची,
चलानवाली

ता. क. एक काळी आणि एक चकचकीत पिन माझ्या टेबलावर आहे. नवीन आलेल्या दोन पोरांना पहिल्या दिवशी त्या हातात देते आणि विचारते, कोणती जड? अजून कुणाला ओळखता आलेली नाही. मोबाईल नंबर कळवा. आता तुम्हाला सगळेच वार गुरुवार.