सासूबाईंच्या चित्रासाठी पेन्सिल हातात घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या मुलीनं लिहिलेलं फ्रेंच पत्र तुम्हाला वेगळं पाठवलं आहे, पण ते फारच औपचारिक झालंय. पोटातलं बोलायचं तर मला मराठीच लागते. शिवाय कोकणात आणि इकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला असलेल्या माझ्या माणसांनाही, सासूबाईंच्या घरातून लुटलेलं चित्र शोधताना तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते कळायला हवं.

त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगते. मी रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. माझ्या आजी-पणजीला ज्यू म्हणून कुणाला घाबरावं लागलं नाही. युद्ध म्हणजे त्यांच्या लेखी रेशनचा तांदूळ आणि महागलेलं रॉकेल. सासरची कहाणी वेगळी. सासूबाईंचे वडील पोलंडहून पॅरिसला येऊन स्थायिक झालेले शिंपी. जुलै १९४२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी दोन दिवसांत १३ हजारांवर ज्यू माणसं धरून नेली, त्यांत तेही होते. ते परत आले नाहीत. सहा वर्षांच्या सासूबाई आणि त्यांची आई एका खेड्यात लपून राहिल्या म्हणून वाचल्या. युद्ध संपल्यावर घरी गेल्या तर तिथे भलतंच कुटुंब राहत होतं, आणि यांच्या संसारातला एक चमचासुद्धा शिल्लक नव्हता. भिंतीवरचं लहानसं चित्रही गेलं होतं.

हे काही भुरट्या चोरांचं काम नव्हतं. नाझींनी त्यासाठी सरकारी मोहीमच काढली होती. ज्यूंची घरं हेरायची आणि खाट-कपाटापासून ताटल्यांपर्यंत सगळं भरून जर्मनीला रवाना करायचं. एकट्या पॅरिसमधली सुमारे ३८ हजार घरं अशी रिकामी केली. पश्चिम युरोपातली सगळी धरली तर ७० हजारांच्या आसपास. पॅरिसमधल्या लेव्हितान नावाच्या फर्निचरच्या दुकानात ज्यू कैद्यांनाच हा माल निवडायला बसवलं होतं, आणि त्यांतल्या काहींच्या हातात त्यांच्या स्वतःच्याच घरातल्या वस्तू आल्या.

चित्रं पॅरिसमधल्या ज द पोम संग्रहालयात जात. रॉथ्सचाइल्डांसारख्या बड्या घराण्याचं चित्र असेल तर त्यावर त्या घराण्याची खूण आणि क्रमांक पडे. शिंप्याच्या भिंतीवरून काढलेल्या चित्रावर नुसतं 'एम-ए-बी', म्हणजे जर्मनमध्ये 'फर्निचर मोहिमेतली चित्रं' याची आद्याक्षरं, आणि आकडा. कुणाचं ते, याची नोंद करायची कुणाला गरजच वाटली नाही. लुटणाऱ्यांनीसुद्धा श्रीमंताचं नाव ठेवलं आणि गरिबाचं पुसलं. युद्धानंतर सुमारे ६१ हजार कलावस्तू फ्रान्समध्ये परत आल्या. सुमारे ४५ हजार मालकांच्या हाती पडल्या, दोन हजारांच्या आसपास संग्रहालयांनी सांभाळायला ठेवल्या आणि उरलेल्या सरकारनं विकून टाकल्या. आपलं चित्रही त्या विक्रीत गेलं का, हा प्रश्न सासूबाईंना आयुष्यभर पडलेला आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही बरीच दारं ठोठावली. एका कार्यालयात साहेबांनी चित्राची पावती मागितली. फोटो मागितला. विम्याचे कागद मागितले. शिवणाचं मशीन चालवून पोट भरणारा माणूस चित्राचा विमा उतरवतो का? १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी मान्य केलं, की इतक्या वर्षांनंतर कागदपत्रांत त्रुटी राहणारच, त्या समजून घ्यायला हव्यात. साहेबांनी तेवढं एक कलम वाचलं असतं तरी पुरे होतं. वर ते म्हणाले, नदी आणि होडीची अशी चित्रं पॅरिसमध्ये हजारो असतील. सासूबाईंनी पर्स उचलली आणि त्या दिवसभर बोलल्या नाहीत. एक वकीलही भेटले होते, टक्केवारीवर काम करणारे. चित्रकार नामांकित नाही हे कळल्यावर त्यांनी फोन घेणंच सोडलं. मारिया आल्टमान या ज्यू बाईंना २००६ मध्ये नाझींनी त्यांच्या घराण्याकडून लुटलेली, नामांकित चित्रकार क्लिम्टची पाच चित्रं ऑस्ट्रियाकडून परत मिळाली, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर रडलो होतो. पण त्या वकिलांसारख्यांना अशी कोट्यवधींची चित्रंच दिसतात.

आणि मग तुम्ही भेटलात. तुम्ही टेबलाच्या पलीकडची तुमची खुर्ची उचलून अलीकडे आणलीत आणि सासूबाईंच्या शेजारी बसलात. कागद मागितले नाहीत. चित्रात काय काय होतं, एवढंच विचारलंत. मला फ्रेंच कळत नाही, त्यामुळे मी नुसती तुमच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होते. आधी वाटलं, लिहून घेताय. नंतर दिसलं की तुम्ही चित्र काढताय. नदी काढलीत, पलीकडची झाडं काढलीत, उजव्या बाजूला होडी काढलीत. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवून मान हलवली. तुम्ही होडी खोडलीत आणि डावीकडे काढलीत. मग त्यांनी झाडं कमी करायला लावली, पाण्यात एक खांब रोवायला लावला. जवळजवळ नव्वदीची बाई एका अनोळखी मुलीला हक्कानं सांगत होती, असं नाही, तसं! माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना वडिलांच्या घराबद्दल एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

पुढे तुम्ही कुठल्या फायली उपसल्यात, कुणाकुणाला पत्रं लिहिलीत, ते सगळं मला सांगता यायचं नाही. एवढं खरं, की एके दिवशी तुमच्याकडून एक प्रत आली. १९४५ मध्ये सासूबाईंच्या आईनं हरवलेल्या वस्तूंसाठी केलेला अर्ज, तिच्या स्वतःच्या अक्षरात. शिवणयंत्र, दोन गाद्या, पितळी मेणबत्तीदाण्या, आणि शेवटी एक लहान चित्र: नदी, डाव्या बाजूला होडी. आईनं असा अर्ज केला होता, हे मुलीला माहीतच नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही. उत्तर आलं नसावं आणि तिनं तो विषय मिटवला असावा. सासूबाईंनी प्रत हातात घेतली आणि "डाव्या बाजूला" ही अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. ज्या आठवणीची साहेबांनी किंमत केली नव्हती, ती खरी होती.

तो अर्ज लुटलेल्या कलावस्तू परत मिळवणाऱ्या ज्या फ्रेंच आयोगाकडे गेला, त्याच्या सचिव रोझ वालाँ होत्या. ज द पोममध्ये जर्मनांच्या नाकासमोर राहून, आपल्याला जर्मन समजतं हे त्यांना कळू न देता, कुठला माल कुठे जातोय याच्या नोंदी चार वर्षं गुपचूप ठेवणारी ही बाई. पकडली गेली असती तर जीव गेला असता. त्यांनी हे का केलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची असते, हे काही माणसांना पक्कं कळलेलं असतं आणि त्यांना त्यापुढे काही सुचत नाही. माझे वडील मुंबईच्या गिरणीत फिटर होते, तेही तसेच होते. तुम्हीही त्याच जातकुळीतल्या. अशी माणसं पगारात दिसत नाहीत, पदावरूनही ओळखू येत नाहीत.

चित्र मिळालेलं नाही. ते तुम्ही स्वतः फोन करून, आडपडदा न ठेवता सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत, याचेही आभार. सासूबाईंच्या वडिलांचं नाव आता त्या फायलीवर आहे आणि तुमचं रेखाटन तिला जोडलेलं आहे, हे कळलं. ते तिथेच असू द्या. उद्या कुणी असंच चित्र घेऊन आलं तर उपयोगी पडेल.

प्रत आली त्या आठवड्यात मी घरी मलिदा केला. आमच्यात मनातलं पुरं झालं की प्रेषित एलियाहू हन्नबींचं नाव घेऊन भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं ठेवतात. सासूबाईंना सुरुवातीला हे सगळं परकं वाटायचं. त्या दिवशी खोबरं त्यांनी खवलं. प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात अश्दोदला या. सासूबाईंनी तुमच्यासाठी खोली आवरायला घेतली आहे, आणि तुम्ही हॉटेलात उतरलेलं त्यांना चालणार नाही, असा निरोप आहे.

तुमची ऋणी,
त्या आजींची सून