सरांचे कागद वाचवण्यासाठी आवाहन

राज्यशास्त्राच्या आपल्या निवृत्त प्राध्यापकांनी सगळा संग्रह ग्रंथालयाच्या स्वाधीन केला आहे. पुस्तके दाखल होऊन मांडणीवर लागली. संविधान सभेच्या चर्चांचे खंड इतरत्रही मिळतात, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती दोन लोखंडी कपाटांतल्या सुट्या कागदांची : १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासूनची प्रचारपत्रके, नमुना मतपत्रिका, सायक्लोस्टाइल केलेले, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेले जाहीरनामे, १९७२चा दुष्काळ ते १९७७चा रोजगार हमी कायदा या काळातली कात्रणे. सरांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू करा, असे अनेकांनी सुचवले. ती पुढच्या वर्षीही सुरू करता येईल. हे कागद तोवर थांबणार नाहीत.

वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यातून आम्ल तयार होते आणि घडीवर कागद तुटतो. गंजलेली पिन ओढली की तो फाटतो. पातळ प्लॅस्टिकची पट्टी खाली सरकवून आधी पिनेचे पाय उघडावे लागतात. मग मऊ ब्रशने धूळ, आणि फाटले असेल तिथे जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, व गव्हाच्या स्टार्चची खळ. मैद्याची खळ नको, तिला कसर लागते. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. स्कॅनिंग ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), सपाट काचेवर आणि दोन्ही बाजूंनी, कारण तारीख नसलेल्या कात्रणाचे वर्ष पुष्कळदा मागे छापलेल्या सिनेमाच्या जाहिरातीवरून लागते.

पाकिटांचा क्रम मात्र मोडायचा नाही. कारखान्याच्या निवडणुकीचे पत्रक सरांनी पाणीवाटपाच्या कात्रणांत ठेवले आहे. ते चुकून नव्हे. सरांचे म्हणणे त्या ठेवण्यातच आहे.

आम्हाला हवे आहेत आम्लविरहित कागदाचे फोल्डर व खोके, एक सपाट स्कॅनर आणि रविवारी सकाळी दहा ते एक बसणारे सहा-सात जण. निम्मे जण साठीच्या पुढचे असले तर उत्तम, त्यांना पत्रकांवरचे उमेदवार ओळखता येतील. देणगी धनादेशाने, ग्रंथालयाच्या नावे द्यावी. पावती देवघेव विभागात लगेच मिळेल. जुनी पाठ्यपुस्तके कृपया आणू नयेत, जागा नाही. स्वामित्वहक्कामुळे कात्रणांच्या प्रती वाचनकक्षातच पाहता येतील.

सरांच्या फाइली नेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या परत कराव्यात. उशीर का झाला, हे कोणी विचारणार नाही.