पाटीवरचा राल्फ हॉल

रॉकवॉल, टेक्सस

तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागची रस्त्याची पाटी वाचून तुम्ही विचारलंत, "हा राल्फ हॉल कोण रे?" तेवढ्यात रेंज गेली.

हे इथलेच गृहस्थ, जन्म १९२३ चा. पोरवयात औषधांच्या दुकानात काम करताना बॉनी आणि क्लाइड या नामचीन दरोडेखोर जोडीला सिगारेटी आणि कोका-कोला विकल्याचं ते रंगवून सांगत. खरंखोटं तेच जाणोत. महायुद्धात नौदलाचे वैमानिक. मग १२ वर्षं काउंटी जज, म्हणजे कोर्टातला न्यायाधीश कमी आणि आपल्या झेडपी अध्यक्षासारखा कारभारी जास्त. पुढे राज्याची सिनेट, आणि १९८१ पासून वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात.

पक्ष डेमोक्रॅटिक, पण मत बहुतेकदा पलीकडच्या रिपब्लिकन बाकांबरोबर. १९८५ साली सभापतिपदासाठी स्वतःच्याच पक्षाच्या टिप ओनील यांना त्यांनी मत दिलं नाही, नुसतं 'हजर' म्हणाले. १९९८ मध्ये क्लिंटनवर महाभियोग आला, तेव्हा महाभियोगाच्या बाजूने गेलेल्या पाच डेमोक्रॅट्सपैकी हे एक. २००० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी पाठिंबा थेट रिपब्लिकन बुश यांना.

शेवटी जानेवारी २००४ मध्ये रिपब्लिकन झाले. कारण काय दिलं? डेमोक्रॅट असल्यामुळे मतदारसंघाचा निधी अडवला जातोय! तुम्ही म्हणाल, आयाराम-गयारामच. पण आप्पा, इथे पक्षांतरबंदी कायदाच नाही. ना राजीनामा, ना अपात्रतेची सुनावणी. खुर्ची तीच, चिन्ह तेवढं बदललं. लोकांनी पुन्हा निवडून दिलं. मला यात लबाडी कमी दिसते. मतं बदलून पक्ष सोडणारे आपण कमी पाहिलेत का? यांची मतं आधीपासून तिकडचीच, पक्षच उशिरा पोचला. निधीचं कारण मात्र मला पटत नाही. तेवीस वर्षांनी सुचावं का ते?

८९व्या वर्षी त्यांनी विमानातून पॅराशूटने उडी मारली होती! (हे आईला वाचून दाखवू नका, ती तुम्हाला जिना चढू देत नाही.) २०१४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन रॅटक्लिफ या तरुण उमेदवाराने त्यांना हरवलं. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. २०१९ मध्ये गेले.

लॅडोनिया गावाजवळ नॉर्थ सल्फर नदीवरच्या धरणाच्या तलावाला त्यांचं नाव दिलंय. पाटबंधाऱ्यात तुमची हयात गेली. ऑक्टोबरात आलात की आधी तिकडेच जाऊ. तुमची ती जुनी मोजायची टेप बॅगेत टाका, म्हणजे धरणाची मापं मला विचारत बसणार नाही.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल मिळालं का, कळवा.

तुमचा,
बाळू